लष्कर नसलेले ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या मुलांची जयंत नारळीकरांशी पहिली गाठ पडते ती बहुधा इंग्रजीत. एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाचा धडा आहे. त्यात प्राध्यापक गायतोंडे आहेत, भाऊसाहेबांची बखर आहे, आझाद मैदानावरची हाणामारी आहे आणि शेवटी पुंजवादाचे दोन घास आहेत. मूळ मराठी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पानिपतावर आपण जिंकलो असतो तर काय झाले असते, या आपल्या अडीचशे वर्षांच्या हळहळीला नारळीकरांनी दिलेले हे उत्तर. तीच कथा शिंद्यांच्या गावात बसून वाचली की मनात जो प्रश्न येतो, तो पुण्यामुंबईच्या वाचकाच्या सहसा मनात येणार नाही: गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या जगात ग्वाल्हेरचे काय झाले असेल? कथा ग्वाल्हेरबद्दल अवाक्षर काढत नाही. पण तिची रचना इतकी चोख आहे की उत्तर तिच्यातूनच काढता येते, आणि ते काढता काढताच तिचा खरा कस लक्षात येतो.

आधी लेखकाविषयी थोडे, कारण या कथेची जडणघडण त्याच्या वाटचालीत आहे. नारळीकरांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा. पण वाढले ते बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा संसार ग्वाल्हेरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. पुढे केंब्रिजला गेल्यावर १९६० पासून त्यांनी फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन केले. हॉइल जितके मोठे खगोलशास्त्रज्ञ, तितकेच हौशी कथाकार. 'द ब्लॅक क्लाउड' ही त्यांची विज्ञान कादंबरी १९५७ ची. आणि १९६१ मध्ये बीबीसीने दाखवलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही दूरचित्रवाणी मालिका त्यांनी जॉन इलियट यांच्याबरोबर लिहिली. दूरच्या दीर्घिकेकडून आलेला संदेश, त्यावरून बांधलेला संगणक आणि त्या संगणकाने रचलेली एक मुलगी, असा तिचा विषय. गुरू दिवसा विश्वस्थितीची समीकरणे सोडवतात आणि टीव्हीसाठी विज्ञानकथाही लिहितात, हे ज्या विद्यार्थ्याने विशीत पाहिले, त्याला पुढे कथा लिहिताना संकोच वाटण्याचे कारण नव्हते.

संकोच होता तो नावाचा. १९७२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. बक्षीस जगतापांना मिळाले आणि मग बिंग फुटले. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या नव्या कथाकाराची भाषणात दखल घेतली. त्यानंतर नारळीकरांची कथा कागदावरून पडद्यावरही गेली. 'धूमकेतू' या कथेवर बालचित्र समितीने चित्रपट काढला, आणि विश्वाची ओळख करून देणारी 'ब्रह्मांड' ही त्यांची मालिका दूरदर्शनवर आली. त्यांच्या कथा पडद्याला मानवतात याचे कारण त्यांच्या लिहिण्यात आहे. ते सांगण्यापेक्षा दाखवतात. 'गंगाधरपंतांचे पानिपत' हा त्याचा उत्तम नमुना आहे. खाली आलेले तपशील धड्याच्या इंग्रजी रूपातले आहेत.

कथेचा सांगाडा साधा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्यात रस्त्याने चालले आहेत. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर, हा विचार डोक्यात घोळतो आहे. एका ट्रकची धडक बसते आणि ते वेगळ्याच जगात जाऊन पडतात. तिथे पानिपत आपण जिंकले आहे. नक्की काय आणि कुठे बदलले याचा छडा लावायला ते मुंबईला जातात, ग्रंथालयात बसतात, संध्याकाळी आझाद मैदानावर एका सभेत घुसतात, मार खातात आणि आपल्या जगात परत येतात.

आता मुंबईचा प्रवास जवळून पाहू. गाडीचे नाव जिजामाता एक्स्प्रेस आणि वेग आपल्या डेक्कन क्वीनपेक्षा बराच जास्त. पुणे सोडल्यावर कारखान्यांच्या वसाहती दिसत नाहीत. शेजारी खानसाहेब नावाचे सहप्रवासी आहेत. ते मुंबईहून फ्रंटियर मेलने दिल्ली, लाहोर करत पेशावरला निघाले आहेत, आणि हे ते आपण नागपूरला जायचे म्हणावे तितक्या सहज सांगतात. मग एका ठिकाणी गाडी थांबते, स्टेशनचे नाव सरहद्द. ब्रिटिश हद्दीत शिरण्यापूर्वी परवाने तपासले जातात. पुढच्या लोकलच्या डब्यांवर इवलासा युनियन जॅक रंगवलेला. मुंबईचे स्टेशन लख्ख, कर्मचारी अँग्लो-इंडियन आणि पारशी, अधूनमधून एखादा गोरा अधिकारी. स्टेशनाबाहेर पडताच समोर ईस्ट इंडिया हाऊस, म्हणजे कंपनी अजून जिवंत आहे! हॉर्नबी रोडवर बूट्स आणि वूलवर्थची दुकाने, लॉइड्स आणि बार्कलेजच्या बँका.

या दोन-अडीच पानांत नारळीकरांनी इतिहासाचे एकही व्याख्यान दिलेले नाही. फाळणी झाली नाही हे एका प्रवाशाच्या बोलण्यातून कळते. इंग्रज पूर्ण गेलेही नाहीत आणि पूर्ण आलेही नाहीत, हे डब्यावरच्या झेंड्याच्या आकारावरून कळते. स्वराज्याचा अभिमान गाडीच्या नावात आहे. कुशल दिग्दर्शक नेपथ्यातल्या वस्तूंकडून जे काम करून घेतो, ते इथे पाट्या, डबे आणि दुकाने करतात. वाचक गंगाधरपंतांच्या बरोबरीने कोडे सोडवत जातो, आणि म्हणून त्याला ते जग पटते. मराठीत पानिपताच्या जयाची स्वप्ने पाहणारे लेखन नेहमी अटकेपार झेंड्यापाशी जाते. नारळीकर झेंडा दाखवतात तोही परक्यांचा आणि चिमुकला. जिंकलेल्या मराठ्यांनी मुंबई मात्र इंग्रजांना भाडेपट्ट्याने दिली आहे आणि तो करार २००१ साली संपायचा आहे. जयाच्या कल्पनेला ही व्यवहाराची किनार लावल्यामुळे ती भाबडी राहत नाही.

कथेचा कणा म्हणजे ग्रंथालयाचा प्रसंग. एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये गंगाधरपंत इतिहासाचे पाच खंड मागवतात. पहिला खंड अशोकापर्यंत, दुसरा समुद्रगुप्तापर्यंत, तिसरा महंमद घोरीपर्यंत, चौथा औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत. चारही खंड त्यांना ठाऊक असलेल्या इतिहासाशी जुळतात. म्हणजे फरक पाचव्यात. मग ते पाचवा खंड दोन्ही टोकांकडून आत वाचत येतात आणि नेमक्या त्या क्षणावर येऊन ठेपतात. इतिहासाचा प्राध्यापक असे वाचील का कोण जाणे. गणिती मात्र असाच वाचतो. उत्तर कोणत्या दोन मर्यादांच्या मध्ये आहे ते आधी ठरवायचे आणि मग त्या मर्यादा जवळ आणत जायचे. नारळीकरांचा गणिती हात या एका कृतीत दिसतो, आणि गंमत अशी की रहस्यकथेची उत्कंठाही तिथेच टिपेला पोचते.

तो क्षण कोणता? १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी. आपल्या इतिहासात ती लागली. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, रिकामी अंबारी पाहून सैन्याचे अवसान गेले. त्या दुसऱ्या इतिहासात गोळी कानाजवळून जाते, आणि तिथला बखरकार सांगतो की तिळाएवढे अंतर कमी असते तरी घात झाला असता. पानिपताच्या पराभवाची कारणे इतिहासकारांनी कितीतरी दिली आहेत: यात्रेकरूंचे लटांबर, तुटलेली रसद, उपासमार, सुरजमल जाटाचे निघून जाणे, शुजाउद्दौल्याचे अब्दालीला मिळणे. ही सगळी कारणे नारळीकरांना ठाऊक नव्हती असे थोडेच आहे! पण त्यांनी मुद्दाम सर्वांत लहान कारण उचलले. पारडी समतोल आलेली असताना एखाद्या क्षुल्लक फरकाने साऱ्या व्यवस्थेची दिशा बदलते, हा पुढे येणाऱ्या आपत्ती सिद्धांताचा गाभा त्यांनी आधी गोळीच्या रूपात दाखवून ठेवला.

बखरीची निवडही मार्मिक आहे. गंगाधरपंत शिस्तीचे इतिहासकार. बखरी रंगतदार, पण पुरावा म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवावा असे त्यांना कधी वाटत नाही. आणि नेमक्या त्याच बखरीचे फाटलेले पान त्यांच्या खिशात त्या जगाचा एकमेव पुरावा म्हणून उरते. सबंध बखर आझाद मैदानाच्या झोंबाझोंबीत हरवते. बखरीवर अविश्वास दाखवणाऱ्याची सारी भिस्त अखेर बखरीवर!

पण माझ्या मते कथेचा सर्वांत खोल घाव याच्या आधी, दोन-चार ओळींत येऊन जातो. हॉर्नबी रोडवरून वळून गंगाधरपंत फोर्ब्जच्या इमारतीत शिरतात आणि विनय गायतोंडेची चौकशी करतात. विनय म्हणजे त्यांचा मुलगा, तो तिथे नोकरीला असतो. स्वागतकक्षातली बाई याद्या पाहते आणि सांगते, या नावाचे इथे कुणी नाही. गंगाधरपंत फारसे हलत नाहीत. आपल्या जगात असलेली माणसे इथे असतीलच असे नाही, असे मनाशी म्हणून ग्रंथालयाची वाट धरतात.

हा प्रसंग सहज नजरेतून सुटतो, कारण लेखक त्यावर रेंगाळत नाही. पण सगळ्या कथेचा जमाखर्च तिथे आहे. पानिपत जिंकले, अखंड देश मिळाला, दिल्लीच्या नामधारी बादशहामागे कारभार मराठ्यांचा, विज्ञानाची केंद्रे, पुढे लोकशाही, आणि मुलगा? मुलगा नाही. अमेरिकेच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत १९६७ साली 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हा गाजलेला भाग दाखवला गेला. इतिहास रुळावर राहायचा असेल तर एडिथ कीलर या भल्या बाईने अपघातात मरायलाच हवे, हे कॅप्टन कर्कला कळते, आणि तो भाग तिथे डोळ्यांत पाणी आणतो. नारळीकरांचा हिशेब तोच आहे. त्यांनी तो एका यादीत नसलेल्या नावावर मांडला आहे.

विनय गायतोंडेची ती यादी हातात धरून ग्वाल्हेर पाहू.

पानिपताआधी शिंद्यांच्या घरात महादजींचा नंबर फार मागे होता. राणोजींच्या मुलांत जयाप्पा थोरले; ते १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. सरंजाम जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी याच्याकडे होता. पानिपतावर महादजींचे भाऊ तुकोजी पडले, जनकोजी कैद होऊन मारला गेला. महादजी पायाला जबर जखम घेऊन निसटले, आणि राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना वाचवले. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानून सरदारकी दिली. म्हणजे पराभवाने घरातली वरची नावे पुसून टाकली म्हणून तळातले नाव वर आले, आणि तेही काही वर्षे झगडून. मग तेच लंगडे महादजी शाहआलम बादशहाला दिल्लीत परत घेऊन आले, १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक झाले, आणि ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडे टिकला. त्यांच्या गादीवर आलेले दौलतराव म्हणजे पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती उठलीच नाही. तिचे शहर झाले, तेच आपले लष्कर.

आता गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून जाऊ द्या. जनकोजी जगतो, सरंजाम त्याच्याकडे राहतो. महादजी एक शूर, दुय्यम काका. दौलतरावांना दत्तक जायची वेळ येत नाही. छावणी किल्ल्याखाली कायमची थांबण्याचे कारण उरत नाही. मानसिंगाचा किल्ला असेल, तानसेनाची कबर असेल. पण महाराज बाडा, सराफा, फालका बाजार, जीवाजीगंज, १८७४ चा जयविलास यांतले काही नसेल. लष्करच्या गल्ल्यांत राहणाऱ्या शेकडो मराठी कुटुंबांची चौकशी करायला कुणी गेले, तर उत्तर फोर्ब्जच्या कचेरीतलेच मिळेल.

आणि तोटा एकट्या ग्वाल्हेरचाच नाही. हस्सूखाँ-हद्दूखाँ यांचे ख्यालगायन दौलतरावांच्या दरबारात बहरले. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ग्वाल्हेरला येऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी घेतली आणि महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात वाढलेल्या रसिकाचा कानही काही अंशी पानिपताच्या पराभवाचा ऋणी आहे. दुसरे नाव झाशीच्या राणीचे. दुसऱ्या बाजीरावाचे राज्य गेले, त्याचे भाऊ चिमाजी अप्पा काशीला जाऊन राहिले, त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते म्हणून मनकर्णिका काशीत जन्मली. कंपनी तीन बंदरांपुरती उरलेल्या जगात तिला ग्वाल्हेरच्या ओढ्यावर लढून मरावे लागले नसते, आणि फूलबागेत समाधीही नसती. आपण जिचे पोवाडे गातो ती राणी, तिच्या त्या रूपात, त्या जगात कुणाला ठाऊक नसती.

कथेत यातले काहीही लिहिलेले नाही, आणि तिचे श्रेष्ठत्व मला तिथेच वाटते. तिने दिलेले नियम इतके पक्के आहेत की वाचक ते आपल्या गावाला लावू शकतो.

कथेचा उत्तरार्ध गमतीचा आहे आणि त्यालाही अर्थ आहे. गंगाधरपंतांना अध्यक्षपदांचा सोस. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवून झालेले, हजारावी सभा पानिपतावरच्या परिसंवादाची. आझाद मैदानावर त्यांना व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. अध्यक्षाविना सभा? हे पाप त्यांना सहन होत नाही, ते जाऊन बसतात. त्या जगात अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार ही प्रथा केव्हाच बंद पडली आहे, खुर्ची नुसती खुणेपुरती आहे. श्रोते टोमॅटो आणि अंडी फेकतात. आपल्या सभासंस्कृतीची ही थट्टा मराठी वाचकाला आतून कळते. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले आणि प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, तेव्हा ही कथा वाचलेल्यांना गंगाधरपंत आठवल्याशिवाय राहिले नसतील. पण थट्टेखाली एक बोचणारी गोष्टही आहे: सुधारलेल्या, स्वाभिमानी, विजयी समाजात गंगाधरपंतांसारख्या माणसाचे काम उरलेले नाही. विजयी जग चांगले आहे, पण ते यांचे नाही.

उणीव दाखवायची तर शेवटाची. परत आल्यावर राजेंद्र देशपांडे हा भौतिकशास्त्रज्ञ मित्र आपत्ती सिद्धांत आणि पुंजवादातली अनिश्चितता समजावून सांगतो. इलेक्ट्रॉनच्या अनेक शक्य अवस्था, त्यांवरून अनेक शक्य जगे, आणि अपघाताच्या क्षणी गंगाधरपंतांचे एका जगातून दुसऱ्यात संक्रमण. इतका वेळ वस्तूंमधून बोलणारी कथा इथे फळ्यापाशी उभी राहते. राजेंद्र प्रश्नांना उत्तरे देतो, गंगाधरपंत शंका विचारतात, आणि वाचकाची चाल मंदावते. मराठी विज्ञानकथेला ही सवय विज्ञानप्रसाराच्या ध्येयातून लागली. अकरावीच्या विद्यार्थ्याला हाच भाग परीक्षेसाठी घोकावा लागतो हे कथेचे दुर्दैव म्हणायचे. त्याच्याकडून याद्या पाहणाऱ्या त्या बाईचे वाक्य सुटले, तर त्याच्या हाती सिद्धांत लागतो आणि कथा निसटते.

म्हणून ग्वाल्हेरच्या वर्गात हा धडा शिकवताना एक प्रश्न जरूर विचारावा: त्या जगात तुमच्या गल्लीचे काय झाले असते? उत्तर शोधताना मुलांना महादजी, राणेखान, दौलतराव आणि हद्दूखाँ भेटतील, आणि 'पानिपत जिंकायला हवे होते' हे वाक्य उच्चारताना त्यांची जीभ क्षणभर अडखळेल. हळहळ चुकीची आहे असे कथा म्हणत नाही. गंगाधरपंत त्या स्वाभिमानी देशावर मनापासून खूश होतात, आणि आपणही होतो. कथा फक्त बेरजेसोबत वजाबाकी मागते. इतिहासातली एक गोष्ट बदलली की बाकीच्या सगळ्या बदलतात. आपल्याला आवडतील तेवढ्याच बदलून घेता येत नाहीत. पानिपतावर अश्रू ढाळणारे साहित्य आपल्याकडे उदंड आहे. त्या पराभवाच्या पोटी आपल्यातले कोण कोण जन्मले हे मोजायला लावणारी कथा मात्र एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिली, आणि ती सगळ्यात आधी ग्वाल्हेरकरांनी आपली म्हणावी.